म्हशीची शिंगं कशाची करायची?

शिल्पकाम शिकणाऱ्या नवशिक्याने पहिली माती दुकानातून आणू नये, निदान गोव्यात तरी, असं माझं पक्कं मत झालंय. पणजी-म्हापशाच्या दुकानांत चित्रकलेच्या सामानाच्या फळीवर आता बरंच काही मिळतं. कधीच न वाळणारी रंगीत क्ले, हवेवर वाळणारी पांढरी क्ले, ओव्हनमध्ये भाजायचे छोटे ठोकळे, दोन पुड्यांतला माल एकत्र मळला की घट्ट होणारी इपॉक्सी. त्यातून काय काय करता येईल ते पाकिटावर छापलेलं असतं. काय करता येणार नाही ते कुठेच नसतं, आणि शिकणाऱ्याला आधी तेच कळायला हवं असतं.

मी शिल्पकाम शिकायला लागले ती चाळिशी उलटल्यावर. पर्वरीला एक निवृत्त चित्रकला शिक्षक रविवारी सकाळी घरीच शिकवतात. त्यांनी आम्हाला सामानाची यादी दिलीच नाही. म्हणाले, "एक आकार निवडा, साधासा. आणि जे जे हाताला लागेल त्यात तोच करत राहा." कोणी नारळ घेतला, कोणी हाताचा पंजा, दोघातिघांनी अर्थातच गणपती. मी बसलेली म्हैस घेतली. माझं माहेर डिचोलीकडचं, त्यामुळे शेतात बसलेल्या म्हशी डोळ्यांत पक्क्या आहेत. शिल्पाच्या दृष्टीनेही तो सोयीचा आकार. पाय पोटाखाली, शेपूट अंगाला चिकटलेली, सगळं मिळून एकच भरीव गोळा. सरांनी माझं रेखाटन बघितलं आणि एवढंच विचारलं, "शिंगं ठेवणार?"

ठेवणार म्हटलं. शिंगांशिवाय म्हैस कसली?

पुढे प्रत्येक साहित्याने मला कुठे अडवलं असेल तर या दोन शिंगांपाशी. अंग कशातही होतं. शिंग म्हणजे बारीक, वाकडं, अंगापासून सुटलेलं, हवेत उभं राहिलेलं. साहित्याचा स्वभाव तिथे लगेच बाहेर पडतो. म्हणून हे सगळं सांगताना मी शिंगांच्याच अंगाने सांगणार आहे.

मातीपासून सुरुवात केली. गोव्यात चिकण मातीला तोटा नाही. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी दोन-तीन महिने गावोगावच्या चित्रशाळांत, गणपती घडवतात तिथे, तिचे ढीग येऊन पडतात आणि घरोघरचे पाट तिथे जाऊन बसतात, कारण मूर्ती त्या त्या घरच्या पाटावरच बसवतात. महाराष्ट्रात गणपतीसाठी शाडू बरीच वापरतात. ती पांढरट आणि मऊसूत. आमची शेतातली चिकण माती गडद, चिवट, हाताला धरून राहणारी. मी मात्र चित्रशाळेत न जाता डिचोलीच्या कुंभारवाड्यावर गेले. तिथली मडकी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात लहानपणापासून बघितलेली.

"बाय, नुसती खेळायला हवी की भाजायला?" कुंभारकाकांनी विचारलं.

याइतका नेमका प्रश्न मला त्या आधी कुठल्याच दुकानात कोणी विचारला नव्हता. करायचं, बघायचं, मोडायचं आणि माती परत टोपलीत टाकायची असेल तर कसलीही बारीक, चिकट माती चालते. भाजायची असेल तर मात्र तिच्यात बारीक वाळू किंवा भाजलेल्या खापरांचा चुरा हवा. त्याने माती कमी आकसते आणि आतली वाफ बाहेर पडायला वाट राहते. काकांनी दोन्ही तऱ्हेचे गोळे दिले. देण्याआधी चिमूटभर माती दोन तळहातांमध्ये वळून पेन्सिलीएवढी वळी केली आणि बोटाभोवती गुंडाळली. भेगा पडल्या नाहीत. "ही चालेल," म्हणाले. माती कुठूनही आणा, ही परीक्षा तिथेच उभ्या उभ्या करून बघावी. वळी तडकली तर ती माती तुमच्या शिंगांच्या कामाची नाही.

घरी एक दुसरी परीक्षा सरांनी करायला लावली. मातीची चपटी पट्टी करून तिच्यावर बरोबर 10 सेंटिमीटरची रेघ कोरायची आणि वाळल्यावर मोजायची. माझी सव्वानऊच्या आसपास भरली. म्हणजे माती सात-साडेसात टक्के आकसली. हा आकडा नुसता माहितीसाठी नसतो. आत तारेचा किंवा लाकडाचा सांगाडा घातला असेल तर माती आकसते आणि सांगाडा आकसत नाही, मग माती फुटणारच. म्हणून सांगाडा असलेलं मातीचं काम ओलं ठेवायचं, त्यावरून साचा काढायचा आणि माती उतरवून घ्यायची. भाजायचं काम सांगाड्याशिवाय करायचं. शिकाऊ माणसाने हे दोन रस्ते सुरुवातीलाच वेगळे ओळखावेत. मला स्वतःला भाजायचा रस्ता आवडतो. साच्याची उस्तवार नको वाटते.

आता शिंगं. ओल्या मातीची शिंगं लावली की दहा मिनिटांत खाली मान घालतात. त्यासाठी अंग थोडं ताठ होऊ द्यायचं. बोटाचा ठसा उमटतो पण माती बोटाला चिकटत नाही, इतपत. शिंगं वेगळी वळून त्याच ओल्या फडक्याखाली ठेवायची, म्हणजे दोघांचा ओलावा एकसारखा राहतो. मग दोन्हीकडे सुईने चरे पाडायचे, मध्ये पातळ राड लावायची आणि दाबून बसवायचं. ओलं शिंग सुकत आलेल्या डोक्याला लावलं तर सांध्यात हमखास चीर पडते, कारण दोघं वेगवेगळ्या वेगाने आकसतात. एवढं सगळं नीट केलं तरी लांब, मोकळं सुटलेलं शिंग मातीत फार दिवस राहत नाही. कोणीतरी उचलताना तिथेच धरतं. शेवटी मी शिंगं मागे वळवून खांद्यांवर टेकवली. जत्रेतल्या मातीच्या जनावरांची शिंगं आखूड आणि जाडजूड का असतात, याचा मी आधी कधी विचारच केला नव्हता.

आमच्या वाड्यावरच्या चित्रशाळेतल्या दादांना हे दाखवलं तर त्यांनी माती मळताना तिच्यात कापूस घालायला सांगितलं. गणपतीच्या मातीत तो घालतातच. सुट्या तंतूंनी माती धरून राहते, भेगा कमी पडतात. पण कापूस पिंजून अगदी बारीक हवा. गुठळी राहिली तर कोरणी तिथे अडकते आणि ओढून निघते.

पावसाळ्याबद्दल सगळे घाबरवतात. तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो तिथे माती वाळणार कशी? वाळते, हळू वाळते, आणि मातीला हळूच वाळायचं असतं. एप्रिल-मेच्या वाऱ्यात बारीक भाग आधी कोरडा पडतो, जाड भाग ओला राहतो आणि शिंगाच्या मुळाशी फट पडते. जुलैत तीच म्हैस सैलसर प्लॅस्टिकखाली निवांत सुकते. मातीवर बुरशी येते, वास येतो, त्याने मातीचं काहीच बिघडत नाही. उलट मुरलेली माती जास्त लवचिक होते. घरच्यांचं काय होतं तो वेगळा विषय.

एक उपयोगी गोष्ट मध्येच सांगते. मोडलेलं काम परत भिजवायचं असेल तर आधी पूर्ण, खडखडीत वाळू द्यावं, फोडून बारीक तुकडे करावेत आणि मग पाण्यात टाकावेत. कोरडी माती पाणी पिऊन आपोआप विरघळत जाते. अर्धवट ओला गोळा दिवसेंदिवस पाण्यात राहिला तरी आत घट्टच राहतो. आणि सांडलेली सुकी माती झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. मातीच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात जाऊन बसते. पुण्या-मुंबईचे विद्यार्थी मास्क लावून दगड फोडतात आणि मातीच्या धुळीत मात्र बिनधास्त झाडू मारतात, असं सर वैतागून सांगतात.

भाजण्यासाठी परत काकांकडे. त्यांच्या अटी तीन. आतून पोकळ हवी, भिंत अंगठ्याएवढ्या जाडीपेक्षा जास्त नको. पोटाला खालून भोक हवं. आणि पूर्ण सुकलेली हवी. सुकली की नाही ते त्यांनी म्हैस गालाला लावून बघितलं. गार लागली तर आत ओल आहे. शंभर अंशांपुढे त्या ओलीची वाफ होते आणि वाट मिळाली नाही तर मूर्ती आतून फुटते, शेजारची मडकी घेऊन. त्यांचा राग रास्त असतो. लाकडं, नारळाची सोडणं, पेंढा यांवरची भट्टी सातशे-आठशे अंशांच्या आसपास जाते आणि मातीच्या कणांत बांधलेलं पाणी पाचशे-सहाशेच्या दरम्यान निघून गेलेलं असतं. त्यानंतर ती माती परत कधीच भिजून चिखल होत नाही. माझी म्हैस लाल होऊन आली, एका कुशीला धुराचा काळा पट्टा. तो पट्टा मला कुठल्याही रंगापेक्षा आवडतो.

मग दुकानातल्या पाकिटांकडे वळले. तेलात मळलेली न वाळणारी क्ले, जिला आपण प्लॅस्टिसीन म्हणतो, ती इंग्लंडमधल्या विल्यम हार्बट नावाच्या कला शिक्षकाने 1897 साली काढली, आणि तीही विद्यार्थ्यांसाठीच. तिचा गुण सरळ आहे. आज सोडलेलं काम महिन्याने तिथूनच पुढे. चेहरा शिकायचा असेल तर मी हीच घ्या म्हणेन. पण मे महिन्यात म्हापशाच्या फ्लॅटमध्ये, पंख्याखालीसुद्धा, ती इतकी मऊ पडते की शिंगं खाली वाकतात. फ्रिजमध्ये थोडा वेळ ठेवली की परत ताठ होतात. आमच्या घरी मासळीच्या डब्याशेजारी म्हशीचं डोकं अधूनमधून दिसतं. आणि ही क्ले कायमची तशीच राहते, हेही लक्षात ठेवावं. काम ठेवायचं असेल तर साचा काढण्यावाचून सुटका नाही.

हवेवर वाळणारी क्ले आमच्याकडच्या दमट हवेत मला पटली नाही. वाळते, पण पावसाळ्यात परत नरमते आणि व्हर्निश न लावता ठेवली तर तिच्यावर डाग येतात. ओव्हनमध्ये 110 ते 130 अंशांना भाजायची क्ले कानातल्यांना छान, म्हशीला महाग. इपॉक्सीची गोष्ट वेगळी. तारेवर चढवलेलं तिचं शिंग तासा-दोन तासांत दगड होतं आणि मोडत नाही. पण ती शिकायला वेळ देत नाही. हात ठरवत असतानाच माल घट्ट व्हायला लागतो. ती मी डागडुजीला ठेवते, आणि हातमोजे घालूनच मळते, कारण उघड्या कातडीला तिची ॲलर्जी एकदा बसली की ती सुटत नाही.

प्लास्टर ऑफ पॅरिसचं नाव काढलं की गोव्यात लोकांच्या कपाळावर आठी येते आणि ते योग्यच आहे. मूर्तींसाठी इथे त्याच्यावर बंदी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही 2020 च्या विसर्जनाच्या मार्गदर्शक सूचनांत प्लास्टरच्या मूर्तींना नकार दिलाय. पण साचे काढायला आणि कोरकाम शिकायला प्लास्टर लागतं. दुधाच्या रिकाम्या खोक्यात ओतायचं, घट्ट झालं की खोका फाडायचा, आणि ओलसर असतानाच चाकूने कोरायचं. पाण्यात प्लास्टर घालायचं, प्लास्टरात पाणी नाही. घट्ट होताना ते तापतं, म्हणून हात बुडवून ठेवायचा नाही. उरलेलं बेसिनमध्ये ओतायचं नाही, पाइपात दगड होऊन बसतं. गोव्यात आणखी एक भानगड आहे. उघडी पिशवी पावसाळ्यात हवेतला ओलावा पिते आणि आतलं प्लास्टर मरतं. मग ते घट्ट व्हायला वेळ घेतं आणि नखाने खरवडलं जातं. जूनच्या आधी संपेल तेवढंच आणावं. शिंगं प्लास्टरमध्ये मोडतात, पण चिकटवताही येतात, एवढंच त्याचं मोठेपण.

शिंगांचं खरं शिक्षण मला नरकासुराकडून मिळालं. दिवाळीच्या आदल्या रात्री गोव्यातल्या वाड्यावाड्यांवर उभे राहतात ते नरकासुर, आणि सकाळी जाळायचे म्हणून कोणी ते जपून करत नाही. आमच्या खालच्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा आणि त्याचे मित्र बांबू, तार, पेंढा आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन दोन पुरुष उंचीचा असुर उभा करतात. शिंगं हातभर लांब, मोकळी, वर वळलेली. मी बाजूला बसून बघत राहिले. बांधणीची तार ते दुहेरी घालतात, पकडीने पीळ देतात, पिळाचं टोक आत वळवतात. वाकण्याच्या जागी एक आडवी काडी बांधतात. त्यावर सुंभ गुंडाळतात, म्हणजे खळ लावलेला कागद घसरत नाही. शिल्पकलेच्या वर्गात ज्याला आर्मेचर म्हणतात तो आतला सांगाडा या पोरांना कोणी शिकवलेला नाही आणि ते तो चुकत नाहीत.

"ताई, तुमची म्हैस आमच्या नरकासुराच्या मांडीवर बसवूया का?" त्यातल्या एकाने विचारलं. मी नाही म्हटलं. वर्षभराने वाटतं, बसवायला हवी होती.

कागदाच्या लगद्याची म्हैस मी त्याच पद्धतीने केली. शिंगं दोन्ही बाजूंना मोकळी पसरलेली, जशी खऱ्या म्हशीची असतात तशी. पैसे लागतात ते तारेचे आणि मैद्याचे. खळीत कीड लागू नये म्हणून जुने बुक-बाइंडर मोरचूद घालतात. ते विष आहे, घरात लहान मूल असेल तर घालू नये. थर पातळ द्यायचे आणि प्रत्येक थर वाळू द्यायचा. ऑक्टोबरचं ऊन त्याला बरं. लोखंडी तार मात्र घ्यायची नाही. समुद्राकाठच्या हवेत ती गंजते आणि तांबूस डाग कागदातून, प्लास्टरमधून, मातीतूनसुद्धा वर येतो. जस्ताचा मुलामा असलेली किंवा ॲल्युमिनियमची घ्यावी.

कोरकामासाठी सगळ्यात आधी इमारतीच्या कामावरचा उरलेला एएसी ब्लॉक घ्या. सच्छिद्र काँक्रीटचा तो पांढरट करडा ठोकळा अंगाच्या मानाने हलका असतो, करवतीने कापला जातो, जुन्या कानशीने घासला जातो. साबणाच्या वडीवर नक्षी कोरून बघणं वेगळं आणि घमेलंभर आकारातून म्हैस शोधणं वेगळं. धूळ मात्र भयंकर. ब्लॉक ओला करून, मास्क लावून, उघड्यावरच. यात शिंगं बाहेर काढायचा मी नादच सोडला. कोरकामात शिंग बाहेर ठेवायचं म्हणजे त्याच्या भोवतीचं सगळं आधी काढायचं, आणि एक ठोका जास्त बसला की संपलं. मातीत वर चढवता येतं, दगडात फक्त काढता येतं.

आणि मग चिरा, म्हणजे जांभा दगड. गोव्यात राहून चिऱ्याला हात न लावणं मला शक्य नव्हतं. आपली घरं, विहिरी, कुंपणं सगळी त्याचीच. खाणीतून नुकताच काढलेला चिरा मऊ असतो. गवंडी तो सहज तासतात. हवा लागून सुकत जातो तसा तो कठीण होतो. म्हणून अंगणात वर्षभर पडलेला चिरा शिकायला घेऊ नये. ओळखीच्या गवंडीमामांकडून मी ताजा मागवला. टाकी लावली आणि पहिल्याच ठोक्याला पिवळी माती भरलेली एक पोकळी उघडी पडली. चिऱ्यात अशा पोकळ्या भरलेल्याच असतात. बारीक रेघ, डोळ्याची पापणी, नाकपुडीची कड, काहीच त्यात धरत नाही. तांबडी सुर्लाचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ काळ्या बेसॉल्टचं का, हे मला तेव्हा हाताने कळलं. तिथल्या छताचं कमळ चिऱ्यात शक्यच नव्हतं. घाटावरचा दगड इथवर आणायचा खटाटोप त्यांनी उगाच केला नसणार.

तरी चिऱ्यात जनावरं झालेली आहेत, आणि तीही शिंगांसकट. सांग्याकडे कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळला जांभ्याच्या सपाट कातळावर प्रागैतिहासिक माणसाने बैल, हरणं, चक्रव्यूहासारखी वेटोळी कोरून ठेवली आहेत. अभ्यासकांचं लक्ष त्यांच्याकडे गेलं 1993 मध्ये. मी ती आधीही बघितली होती, सहलीला गेल्यासारखी. टाकी हातात घेतल्यानंतर परत गेले तेव्हा फक्त शिंगं बघितली. ती उभी करण्याचा प्रश्नच त्या माणसाने ठेवला नाही. आडव्या कातळावर, अंगठ्याएवढ्या रुंद खोल रेघेत त्याने ती काढली. त्या दगडाकडून जेवढं मिळण्यासारखं होतं तेवढंच मागितलं. माझी चिऱ्यातली म्हैस त्यानंतर उठावात झाली. डोकं अंगात मिटलेलं, शिंगं म्हणजे मानेवर रुळणारे दोन जाड कंगोरे. लांबून बघितली तर म्हैस, जवळून चिरा.

याच्या अगदी उलटं टोक पणजीतच आहे. जुन्या सचिवालयाशेजारचा संमोहनतज्ज्ञ आबे फारियांचा पुतळा, मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामत यांनी 1945 मध्ये केलेला. समोरच्या बाईवर संमोहन करताना फारियांचे दोन्ही हात हवेत पुढे पसरलेले आहेत, खाली कसलाही टेकू नाही. तो ब्राँझचा आहे म्हणून हे हात तिथे राहतात. दगडात करायचे असते तर त्यांच्याखाली कपड्याची घडी, झाड, खांब, काहीतरी आणावं लागलं असतं. त्या रस्त्याने मी वर्षानुवर्षं कामावर जाते. आता सिग्नलला थांबले की हातांच्या सांध्याकडे बघते.

लाकडाबद्दल थोडक्यात सांगते, कारण मी त्यात अजून नवखी आहे. वखारीत शिवण मिळाली तर तीच मागा. मऊ आहे, पण कड धरते आणि फार वाकत-फाटत नाही. सावंतवाडीची खेळणी ज्याची करतात तो पांगारा अगदी हलका, पटाशी लोण्यातून गेल्यासारखी जाते, पण कड राहत नाही. आंबा सहज मिळतो आणि तितक्याच सहज पोखरला जातो. लाकडात शिंगं करायची तर लाकडाच्या तंतूंची रेषा शिंगाच्या लांबीने जायला हवी. आडवी गेली तर पटाशीच्या पहिल्या दाबाला ते टवका होऊन उडतं. म्हशीचं अंग एका दिशेने आणि शिंगं दुसऱ्या दिशेने, त्यामुळे एका ठोकळ्यात दोन्ही बसत नाहीत. ती वेगळी करून खाचेत बसवली. सरांना ते रुचलं नाही. मला रुचलं.

सिमेंटचं काम यंदा पावसाळ्यात केलं, कारण सिमेंटला ओलं राहायला आवडतं आणि ते काम पावसाने फुकटात केलं. एक भाग सिमेंट, तीन भाग रेती, आणि तिच्यात चाळलेले चिऱ्याचे तांबडे खडे. ही कल्पना माझी नाही. शिल्पकार रामकिंकर बैज यांनी शांतिनिकेतनात 1938 मध्ये संथाळ कुटुंबाचं मोठं शिल्प सिमेंट आणि जांभ्याच्या खड्यांतूनच उभं केलं. तिथलीही माती लाल. आत सळी आणि कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, वर निदान इंचभर सिमेंट, नाहीतर खारी हवा सळीपर्यंत पोचते आणि गंजून फुगलेली सळी सिमेंट फोडते. हातमोजे हवेत, सिमेंट कातडी जाळतं. या म्हशीची शिंगं मोकळी आहेत, लांब आहेत, आणि शेजारच्या मुलाने तिच्यावर बसून बघितल्यावरही शाबूत आहेत.

रविवारी नवीन कोणी आलं की सामानाचं मलाच विचारतात, कारण सर अजूनही यादी देत नाहीत. मी सांगते ते असं. पाच किलो चिकण माती, कुंभाराकडून किंवा चवथ झाल्यावर चित्रशाळेतून, तेव्हा उरलेली माती ते हसत देतात. बांबूची एक कोरणी, स्वतः तासलेली. चहाच्या चमच्याची दांडी. माती कापायला एक तार. जुनी साडी फाडून केलेली फडकी. एक फळी. हे सगळं पिशवीत मावतं. वारुळाची माती बारीक आणि आयती चाळलेली असते म्हणून कोणी ती सुचवतं, पण गोव्यात सातेरी देवीची पूजा वारुळाच्या रूपात होते. तिथे कुदळ घेऊन जाऊ नये, हेही सांगते. क्ले, इपॉक्सी, प्लास्टर यांचे पैसे मातीत हात बसल्यावर खर्च करावेत, आणि कशात काय अडलं ते आधी मातीतच ठरवून घ्यावं. कोणाला हे जुनाट वाटतं. एका मुलाने थेट इपॉक्सीत सुरुवात केली आणि त्याचं काम उत्तम आहे. अपवाद असतात.

सरांनी मला आता आकार बदलायला सांगितलाय. म्हशीच्या पाठीवर बसतो तो बगळा. त्याच्या पायांसाठी तीन मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार आणून ठेवली आहे. मातीत ती नुसती घालून चालणार नाही, आकसताना माती फुटेल. म्हणून पाय कागदात करायचे, अंग मातीचं भाजून घ्यायचं आणि भाजायच्या आधीच पोटाला खालून दोन भोकं ठेवायची. भोकं तारेपेक्षा जरा मोठी ठेवावी लागतील, भट्टीतून आल्यावर ती लहान झालेली असतात.